कॅबिनेटातल्या अक्षता

अमळनेरच्या बाजारपेठेत आमचा छापखाना होता. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तो उभा केलेला. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका छापायच्या हा घरचा धंदा. मी माहेरी धुळ्याला असताना कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले होते, आणि तेही सगळ्या गल्लीला सांगून. त्यामुळे सासरी आल्याआल्या मी कॉम्प्युटरचं टुमणं लावलं. आबांनी बरेच दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि शेवटी मान डोलावली.

‘‘एक लग्नसराई दखू,’’ ते म्हणाले. ‘‘चालनं तं चालनं, नही तं परत धाडी दिसूत.’’

मशीन परत गेलं की माझीही रवानगी स्वयंपाकघरात, हे कोणी बोललं नाही, पण ठरलेलं होतं. मला स्वयंपाकाचा कंटाळा नव्हता. पण त्या खुर्चीवर बसल्यावर मी जी असायचे, ती मला फार आवडायची. तेवढ्यानंही भागत नव्हतं म्हणा. गिऱ्हाईक विचारायचं, ‘‘कॉम्प्युटर कोण चालवस?’’ तर आबा म्हणायचे, ‘‘पोरगा करस बठ्ठं.’’ पोरगा म्हणजे माझा नवरा. त्याला कीबोर्डवर ‘क’ सापडत नव्हता. मी तिथेच बसून टाइप करत असायचे आणि राग गिळून टाकायचे.

आबांचा एक नेम होता. सकाळी दुकान उघडलं की आधी पूजा. पायानं चालवायचं छपाईचं जुनं ट्रेडल, कागद कापायचं मशीन, खिळ्यांचे खण, सगळ्यांना हळदकुंकू, फूल आणि चिमूटभर लाल अक्षता. कॉम्प्युटर सगळ्यांत नवा, म्हणून त्याच्या वाट्याला चिमटीऐवजी मूठ. नव्या सुनेला वाढतात तसं आग्रहानं. ही सून मी नव्हे, मशीन.

महिनाभर झक्क चाललं. मग एके दिवशी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. बटणं दाबा, काही करा, ढिम्म. बंद करून चालू केलं तर पुन्हा सुरळीत. असं कधी आठवडाभर होत नसे, आणि कधी नेमकं वरपक्ष समोर बसून मामा-मावशांची नावं तपासत असताना व्हायचं. नवरा कॅबिनेटच्या डब्यावर थाप मारायचा, रेडिओवर मारतात तशी. गंमत म्हणजे थापेनंतर मशीन दिवसभर नीट चालायचं, आणि तो माझ्याकडे असा पाहायचा की जणू कॉम्प्युटरची पदवी त्यानंच घेतलीय.

मी मात्र हात धुऊन त्या बिघाडाच्या मागे लागले. आधी व्होल्टेजवर संशय घेऊन स्टॅबिलायझर बसवला. मग वेगळी वायर ओढून घेतली. व्हायरस नको म्हणून बाहेरच्या फ्लॉप्या बंद केल्या. शेवटी जळगावचा विक्रेता येऊन मशीन घेऊन गेला. तिकडे ते दिवसदिवस चालू ठेवलं तरी एकदाही अडकलं नाही. परत आणून देताना तो म्हणाला, ‘‘वहिनी, मशीन ओके आहे. वापरणाऱ्याचं काहीतरी चुकतंय. आणि हे सील तोडू नका, नाहीतर मशीन आम्ही परत घेणार नाही.’’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात एका मुलीचे वडील पत्रिका करायला आले. एका बैठकीत मशीन तीनदा अडकलं. ते शांतपणे उठले आणि समोरच्या छापखान्यात गेले. आबांच्या दुकानातून गिऱ्हाईक असं उठून गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

‘‘सोमवारले परत,’’ आबा एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारागीर जेवायला गेले. ट्रेडलची खडखड थांबली होती. मी एकटीच टाइप करत बसले होते, आणि डब्यातली घरघर बंद पडल्याचं मला पहिल्यांदा ऐकू आलं. पडदा चालू होता, अक्षरं उमटत होती, पण आतला पंखा गप्प होता. थोड्या वेळानं बाण थिजला. एरवी ट्रेडलच्या आवाजात हे कोणाला कळणार?

मी ट्रेडलचा स्क्रूड्रायव्हर उचलला. आबा दारात उभे होते.

‘‘सील तोडशी तं तो परत लेवाव नही,’’ ते म्हणाले.

‘‘परत द्यायला उघडतच नाहीये, आबा.’’

मी सील तोडून झाकण काढलं. आत तळाशी तांदूळ पसरलेले होते. लाल. एक दाणा पंख्याच्या पात्यात रुतून बसला होता. डब्याच्या फटींतून रोज आत पडत होते. दाणा अडकला की पंखा बंद, मशीन तापून ठप्प. थाप मारली किंवा गाडीत हादरे बसले की दाणा निसटायचा आणि सगळं ठीक.

आबा वाकून पाहत राहिले. मग एक दाणा त्यांनी तळहातावर घेतला.

‘‘ह्या तं मन्याच हातन्या अक्षता शेतस,’’ ते हळूच म्हणाले.

मी रंगाच्या ब्रशनं आतून सगळं झाडून काढलं आणि झाकण लावलं.

सोमवारी सकाळी त्यांनी नेम मोडला नाही. टेबलाच्या कोपऱ्यात एक विड्याचं पान ठेवलं, त्यावर मशीनच्या नावानं सुपारी मांडली, आणि हळदकुंकू, फूल, अक्षता सगळं त्या सुपारीला वाहिलं. मशीनला नुसता नमस्कार.

दुपारी विक्रेता मशीन न्यायला आला, तोवर मशीन एकदाही अडकलं नव्हतं. तुटलेलं सील बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘कोणी उघडलं हे?’’

समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. माझा नवराही होता. आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

‘‘मनी सूननी उघाडं, नि तिनीच दुरुस्त करं,’’ ते म्हणाले. ‘‘कॉम्प्युटर तीच चालवस. पहिल्या दिवसफाईन.’’

मी पडद्यावरून नजर काढली नाही. पुढची ओळ टाइप करत राहिले, आणि ती ओळ मला नंतर सगळी पुसून पुन्हा लिहावी लागली.