पंगतीच्या टोकाचा काळोख

नव्वदच्या दशकात इंदिरानगरात माझं जुन्या फिल्मवरून व्हिडिओ कॅसेट करून द्यायचं दुकान होतं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रोजेक्टरने फिल्म पाडायची आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपायची. पण पुठ्ठ्यावर छान दिसणारं चित्र टीव्हीवर हमखास बिघडे. उजेड भगभगीत, सावल्या डांबरासारख्या. मला त्याचा भारी राग येई. मग मी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या चौकोनांची पट्टी फिल्मवर उतरवली. ती टीव्हीवर लावायची, फोटोग्राफीचं लाइट मीटर काचेला टेकवायचं आणि एकेक चौकोन मोजायचा. गडद चौकोनांवर काटा जागचा हलत नसे. बायको विचारायची, "काय, टीव्हीला ताप आहे का आज?"

लग्नाच्या फिल्मला मी नवरानवरीची तोंडं उजळ ठेवून बाकी सगळं सोडून द्यायचो. गिऱ्हाईक तेवढंच बघतं.

एकदा सायखेड्याच्या एक बाई नवऱ्यासोबत स्वतःच्या लग्नाची फिल्म घेऊन आल्या. तयार कॅसेट बघून त्यांचा चेहरा उतरला. "दादा, पंगतीच्या टोकाला माझी आई बसेल हाय. तिथं नुसता काळोख दिसतो."

आईला हे लग्न पसंत नव्हतं. ती पंगतीतून उपाशीच उठली, असं बाईंना सासरी कुणीतरी सांगितलं होतं. वर्षाच्या आत आई वारली, विचारायचं राहूनच गेलं.

मी पट्टी दाखवून म्हटलं, "जास्त उजेड घेतला तर हे काळे चौकोन सुटे होतील, पण उजळ चौकोन सगळे पांढरे पडतील. तुमची दोघांची तोंडं जातील."

"आमच्याच लग्नात आम्हीच नाय?" नवरा म्हणाला.

"तुम्ही रोज दिसता," बाई म्हणाल्या. "आईला काळोखातून काढा."

तशी कॅसेट केली. मांडव पांढराफटक पडला, नवरानवरी मुंडावळ्यांसकट दिसेनाशी झाली. आणि कडुनिंबाच्या सावलीत एक बाई दिसू लागली. मान खाली, हात पत्रावळीवर. हात तोंडाशी गेला, पुन्हा गेला. मग तिने पुढे निघालेल्या वाढप्याला थांबवून आणखी बुंदी घेतली.

बाईंनी दोन्ही हात टीव्हीच्या काचेला लावले.

"जेवली की हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मागून घेऊन जेवली माझी आई."