शाफ्टवरचं कव्हर

"हे काय आहे?"

"कव्हर."

"हे कव्हर नाही. हा स्ट्रॉ आहे. रसाच्या दुकानातला."

"पिवळा आहे ना? खरं कव्हरही पिवळंच असतं."

"आणि तो तू उभा चिरून माझ्या शाफ्टवर बसवलास. गम लावून. मी आंघोळीला गेले तेवढ्यात!"

"ताई, जरा हळू. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे खाली! सगळ्या जिन्याला कळू दे!"

ताईनं टेबलावरचा दिवा ओढून जवळ घेतला, बारीक पात्याची सुरी उचलली आणि स्ट्रॉच्या कडेखाली सरकवली. धाकटा भाऊ दारातच उभा होता, पायात बूट तसेच. स्ट्रॉचं माप चुकून बरोबर आलं होतं, ताईला त्याचा जास्तच राग आला.

"दुपारी तपासनीसांकडे न्यायचंय ना मॉडेल," तो म्हणाला. "मग कव्हर असलेलंच ने."

"त्यांच्याकडे प्रदर्शनातला फोटो आहे, शहाण्या. त्यात शाफ्ट उघडा दिसतोय. तो बघूनच त्यांनी मॉडेल मागवलंय. तुला काय वाटलं, कुणीतरी येऊन त्यांच्या कानात सांगितलं?"

धाकट्याचा चेहरा पडला. फोटोचं त्याला माहीत नव्हतं.

हा शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून निघून बेलरला फिरवणारा लोखंडी दांडा. बेलर शेतातला पेंढा गोळा करून त्याचे गठ्ठे बांधतो. दांडा वेगात फिरायला लागला की गुळगुळीत दिसतो, जागेवर थांबल्यासारखा. त्यावर न फिरणारं प्लॅस्टिकचं कव्हर हवं, नाहीतर बाहीचं टोक जरी लागलं तरी बाही गुंडाळली जाते आणि बाहीमागून हात. धाकटा बेलर भाड्यानं देतो. त्याच्या एका बेलरवर गेल्या महिन्यात ऑपरेटरचा उजवा हात कोपरापासून गेला. या ऑपरेटरला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो इंजिनाच्या आवाजातही बोलत राहतो.

धाकट्यानं अपघाताच्या चौकशीत तपासनीसांना लिहून दिलं, की कव्हर होतं. रेडिओनंच त्या दिवशी ग्रीस करायला काढलं आणि परत लावलं नाही. चूक त्याची.

ताईनं त्याच बेलरचं मॉडेल त्याच्या कितीतरी आधी, मागच्या हंगामात केलं होतं.

ताईला गल्लीत बत्तीसताई म्हणतात. दिवसा ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. घरी आल्यावर ट्रक, ट्रॅक्टर, नांगर, बेलर. सगळे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचे. कोणत्या बत्तिशीवरून नाव पडलं यावर गल्लीत दोन तट आहेत. हत्यारं दोन्हीकडे तीच: मेण, चिमटे, दात घासून आकार देणारं बारीक ड्रिल. हिरड्यांसाठीचा गुलाबी रंग एकदा तिनं ट्रकच्या उडालेल्या लाल रंगाला वापरला, आणि उन्हात विटलेला लाल तसाच दिसतो म्हणून ट्रकवाल्यानं तिचे पायच धरायचे बाकी ठेवले.

तयार मॉडेल विकत आणून रंगवणारे पुष्कळ. ताई ते आणते, सगळं सुटं करते आणि समोरच्या यंत्रासारखं करते. कंपनीचं पुस्तक कुणी पुढे केलं की म्हणते, "ते लग्नातल्या फोटोसारखं असतं. मला आत्ताचं तोंड बघू दे." मग टेप घेऊन यंत्राखाली आडवी होते. पोचा असेल तर पोचा. एका ट्रकच्या दाराला कडीऐवजी सुतळी होती, तर ताईनं सुतळीचा एक धागा सोडवून तो बांधला. ट्रकवाल्याची बायको मॉडेल बघून नवऱ्याला म्हणाली, "आता इथंही दिसायला लागली. लावा आता कडी!" एका गिऱ्हाइकानं बंपरवरचा पोचा काढून द्या म्हटलं, तर ताईनं मॉडेलच दिलं नाही. "पोचा तुम्ही पाडलाय, मी नाही," एवढं बोलून दार लावून घेतलं. रागीट म्हणून ती आधीपासूनच प्रसिद्ध.

स्ट्रॉ निघाला. खालच्या दांड्यावर गमाचा पांढरा ओघळ राहिला. ताई कापसानं तो टिपू लागली.

"बरं, राहू दे कव्हर," धाकटा आत येऊन स्टुलावर बसला. आवाज एकदम मऊ. "तू फक्त एक वाक्य बोल. म्हणायचं, मॉडेल उघडं बरं दिसतं, म्हणून मी कव्हर बसवलं नाही. कलाकार माणूस, करतो असं. कोण काय म्हणणार आहे?"

"काय म्हणालास?"

"खोटं कुठंय त्यात? मॉडेलवाले काढतातच ना काही काही."

"मी काढत नाही."

"त्यांना काय माहीत?"

"मला माहीत आहे ना! एवढी वर्षं मी यंत्रांखाली लोळले, ते एकही स्क्रू जास्तीचा लागू नये म्हणून. आणि आता तुझ्यासाठी सांगू, की मी मनानं करते?"

"माझ्यासाठी नाही. घरासाठी. आपलेच दात, आपलेच ओठ, ताई."

"मला दातांचं नको शिकवूस. रोज दातच करते मी. सडका असेल तर काढावा लागतो, आपला असला तरी."

धाकट्याची बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. "ताई, तुम्ही यांना असं तोडून बोलू नका. यांना तरी झोप लागतेय का?"

"त्याला लागत नाही, म्हणून रेडिओवर ढकलायचं? तू विचारलंस याला, कव्हर कुठंय? गोडाऊनमध्ये, रिकाम्या पोत्यांमागे. काढलं कुणी? यानं. का? ग्रीस करताना ते सारखं सरकवायला लागतं, गडी वेळ घालवतात म्हणून. आणि वर चौकशीत हात वर करून मोकळा! रेडिओला तर वर करायला एकच उरलाय!"

भावजयीनं चहा तिथेच जमिनीवर ठेवला आणि ती आत निघून गेली. कप हलून बशीत चहा सांडला. कुणी उचलला नाही.

"झालं बोलून?" धाकटा उठला. त्याचा मऊपणा संपला होता. "मग आता माझं ऐक. कव्हर गोडाऊनमध्ये आहे, हे तुला कसं माहीत?"

ताईचा कापूस थांबला.

"मी सांगितलं नाही. सांग ना, कसं माहीत?"

"रेडिओनं सांगितलं."

"कधी?"

ती पुन्हा गम टिपू लागली.

"माप घेत होतीस तेव्हा! टेपचं दुसरं टोक तोच धरून होता. मी तिथेच पलीकडे टायर बदलत होतो, ताई. मला ऐकू येत होतं. तो म्हणाला, 'ताई, याच्यावरचं कव्हर आत गोडाऊनमध्ये पोत्यांमागे पडलंय, त्याचंही माप घ्यायचं का?' आणि तू काय म्हणालीस?"

"मला आठवतंय मी काय म्हणाले."

"'नको रे, जसं आहे तसंच छान आहे.' छान! खुशीत होतीस तू. दांड्यावरचं काळं ग्रीस किती वेळ बघत बसलीस. त्या ग्रीसवर पेंढ्याची कुसं चिकटली होती, ती तू तशीच्या तशी केलीस इथे. बघ ना, अजून आहेत." त्यानं मॉडेलवर बोट टेकवलं. "मी धंदा करणारा माणूस, मला दिसलं नाही म्हण, मी आंधळा म्हण. तुला तर दिसलं होतं. भिंग लावून दिसलं होतं. तेव्हा तुझ्या तोंडून निघालं का, की बाळ्या, ते कव्हर बसव?"

ताईनं कापूस टेबलावर ठेवला. बोटांना गम चिकटला होता, तो ती अंगठ्यानं घासत राहिली.

"तुला ते मॉडेल म्हणून बरं वाटलं," तो म्हणाला. "मला ते काम लवकर होतं म्हणून बरं वाटलं. फरक काय आपल्यात?"

"फरक हा, की मी खोटं लिहून दिलेलं नाही."

"अजून कुणी विचारलं नाही म्हणून! आज विचारतील. मॉडेल उघडं ठेवलंस, की पहिला प्रश्न तोच. तुम्हाला दिसलं होतं तर बाई, बोलला का नाहीत? रेडिओची बायको तिथेच खुर्चीवर बसलेली असेल. त्यापेक्षा माझं वाक्य सोपं आहे, ताई. तुलाही सोडवतं, मलाही सोडवतं."

"आणि रेडिओला?"

"त्याचं मी बघेन काहीतरी."

"काहीतरी!" ताई इतक्या जोरात उठली, की तिचं स्टूल मागे आडवं झालं. "अख्खा जन्म तुझा 'काहीतरी'त गेला! शाळेत काहीतरी, धंद्यात काहीतरी! त्या माणसाला सकाळी शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि तू काहीतरी बघणार!"

तिनं टेबलाखालून पुठ्ठ्याचा खोका ओढला, तळाला फोम अंथरला आणि मॉडेल दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं. शाफ्टला काही टेकणार नाही असं. कुठे धक्का लागला नाही. झाकण लावलं, चप्पल घातली.

धाकटा तिच्या आणि दाराच्या मध्ये आला, मग बाजूला झाला. खोक्याला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

"ताई, त्यांनी विचारलं तर काय सांगशील? तिच्यासमोर काय सांगशील? ताई, मी विचारतोय!"

ताई खोका छातीशी धरून जिना उतरू लागली.