सात ते आठ बेल वाजवू नये

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. माझा विश्वास फक्त संध्याकाळच्या सात ते आठवर.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दिवसभर काउंटरवर तोंड चालवायचं, पाचला सुटून बसनं मांजरी गावातल्या घरी यायचं. सातला फोन कपाटात, हातात आल्याचा चहा, मग क्रोशाची सुई... आणि चकार शब्द नाही. या एका तासावर मी दुसरा अख्खा दिवस काढते. माझ्याआधी या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लेलेबाई अशाच असाव्यात. त्या वारल्या, पण दारावर त्यांची पाटी राहिली – ‘सायं. ७ ते ८ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही. कारण विचारू नये.’ मी ती तशीच ठेवली.

समोरचे कदम, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, नेमके सव्वासातला बेल वाजवायचे. कधी सही हवी, कधी कचऱ्याचा डबा. एकदा मी दार उघडलं नाही, तर पाटीच उपटून नेली! आणि वर म्हणतात, "अहो शेखबाई, पाटीला कमिटीची परवानगी लागते. आणि एकट्या बाईला आणखी कसली शांतता हवी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार आपटलं आणि रिकाम्या हॉलमध्ये म्हणाले, "लेलेबाई, तुमची पाटी नेली हो. आता तुम्हीच बघा काय ते."

दुसऱ्या दिवशी सातला कदमांची बेल वाजली. दारात कोणी नाही. पुन्हा वाजली... पुन्हा... थेट आठपर्यंत. रोज तेच. कॅमेऱ्यात पॅसेज रिकामा. चौथ्या दिवशी त्यांनी बेल भिंतीतून उचकटली आणि संशयावरून मला त्यांच्या सोफ्यावर बसवलं. माझे दोन्ही हात मांडीवर. सात वाजले, आणि टीपॉयवर पडलेली ती बेल वाजली. वायर नुसती लोंबत होती हो! कदमांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी दोन्ही हातांनी पाटी पुढे केली. "आत्ताच्या आत्ता लावा."

"छे छे, परवानगी लागते ना? मीटिंग होऊ द्या," मी म्हटलं आणि पाटी आणून कपाटात टाकली.

मुद्दाम. आठ दिवस. समोर टिंगटाँग चालू आणि मी इकडे चहा पितेय! तेवढा गोंगाट मला चालला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

नवव्या दिवशी सातला समोर शांत होतं. माझी बेल वाजली. एकदाच. दार उघडलं, तर कोणी नाही. मी कपाटातून पाटी काढली आणि तशीच दारावर लावली. तेव्हापासून दोन्ही घरं गप्प आहेत.

मी स्वतः बेल विकते. दुकानात वायरिंग कळणारे पाच जण आहेत, एकालाही उत्तर देता आलं नाही. मलाही देता येत नाही. पण खरं सांगते – ती एक बेल वाजली नसती, तर पाटी अजून कपाटातच असती.