फाट्यावरचा तिसरा शिपाई

पोलिसाच्या नोकरीत दोन गोष्टी आपोआप वाढतात, पोट आणि किस्से. रिटायर झाल्यावर पोट उतरलं, किस्से मात्र जागचे हलले नाहीत. एक सांगायला बसलं की दुसरा म्हणतो, माझा नंबर कधी?

परवा जावई कौतुकानं सांगत होते की हायवेवर आता खांबाला कॅमेरा लावलाय. गाडीचा स्पीड तोच मोजतो, फोटोही तोच काढतो, माणसाची गरजच नाही! मी विचारलं, "त्याले घाम येते का जी?" जावई हसले. त्यांना काय कल्पना!

आमच्या वेळी, सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागलं त्या सुमाराला, पुलगावच्या रस्त्यावर कॅमेरा म्हणजे मी आणि शिपाई भाऊराव. मी जमादार. भाऊराव माझ्या हाताखाली, पण ते त्याला कधी कळलं नाही. फाट्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत आणि भांडायला पटाईत आहेत.

* * *

फाट्यावर आमची नेमणूक का झाली ते आधी सांगतो. गाव रस्त्याच्या एका बाजूला आणि मुलींची शाळा दुसऱ्या बाजूला. मंदा नावाची एक पोरगी दप्तर घेऊन रस्ता ओलांडत होती, ट्रकचा धक्का लागला, पाय मोडला. ट्रक थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका ठाण्यात आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"जमादार, गाड्या हळू होत नसतील तर तसं सांगून द्या. मी शाळेले कुलूप लावते. मोडक्या पायानं शिकण्यापेक्षा धड पायानं अडाणी राह्यलेलं बरं."

खरं सांगतो, त्या वाक्यानं माझी झोप उडाली. मलाही दोन पोरीच आहेत. सरकारनं आधी ‘सावकाश जा, पुढे शाळा आहे’ अशी पत्र्याची पाटी लावली. आठवडाभरात ती पाटी एका गृहस्थाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसली. तिथल्या कोंबड्या मात्र सावकाश जायच्या, एवढं मान्य करायला हवं!

* * *

मग स्पीड मोजायचं ठरलं. पद्धत अशी. रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा आखायच्या. गाडीनं पहिली रेघ ओलांडली की मी रुमाल हलवायचा. दुसऱ्या रेघेजवळ भाऊराव स्टॉपवॉच घेऊन उभा, रुमाल दिसला की त्यानं बटण दाबायचं, गाडी त्याच्यापाशी आली की पुन्हा दाबायचं. जास्त स्पीड निघाला की शिट्टी!

कागदावर फार सुंदर. पण महिना एप्रिल, आणि जिल्हा वर्धा!

पहिल्याच दिवशी एक बुलेटवाला असा सुसाट गेला की माझी टोपी उडाली. मी वाट पाहतोय, शिट्टी काही वाजेना. धावत भाऊरावकडे गेलो.

"काऊन रे, शिट्टी काऊन नाई वाजवली?"

"जमादार, घड्याळ म्हणते तो बैलगाडीपेक्षा हळू गेला."

"डोळे फुटले का तुझे? टोपी उडाली माझी!"

"मी काय करू जी? तुमी रुमाल हलवला, मी बटण दाबलं. गाडी लय उशिरा आली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी येण्याच्या कितीतरी आधी मी त्याच रुमालानं कपाळाचा घाम पुसला होता. सकाळपासून जेवढ्या वेळा घाम पुसला तेवढ्या वेळा भाऊरावनं घड्याळ चालू केलं होतं. दिवसभरात एकही गाडी जोरात गेली नव्हती, म्हणजे घड्याळाच्या मते.

त्या दिवसापासून मला ड्युटीवर घाम पुसायला बंदी झाली. बंदी कुणी घातली? भाऊरावनं!

* * *

आमचं बस्तान बसलं, तसं मोटरवाल्यांचंही बसलं. पुलगावकडून येणारा वर्ध्याकडून येणाऱ्याला भर दुपारी डिप्पर मारायचा. एसटीचे ड्रायव्हर खिडकीतून हात काढून हवेतच पोराच्या पाठीवर थोपटल्यासारखं करायचे, म्हणजे हळू घ्या, पुढे मामा आहेत. आमच्यापर्यंत येईस्तोवर एकेक गाडी वरातीतल्या घोड्याच्या चालीनं यायची, आणि आम्हाला ओलांडलं की पुन्हा भन्नाट!

एकदा एका डिप्परवाल्याला रंगेहाथ पकडलं. धान्याचे व्यापारी, स्कूटरवर, पांढरी टोपी.

"शेठजी, दिवसाढवळ्या लाइट कायले लावला?"

"समोरच्याले सांगितलं जमादार, हळू चाल म्हणून."

"म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा!"

शेठजी शांतपणे स्कूटर स्टँडला लावून उतरले. "तुमी अठी कायसाठी उभे आहा? लोकांनी हळू चालावं म्हणून ना? मी बी तेच सांगून राह्यलो. तुमाले पगार भेटते, मी फुकट सांगतो. मंग अडथळा कोणाचा कोणाले?"

मी भाऊरावकडे पाहिलं. भाऊराव म्हणाला, "शेठजीचं बराबर आहे."

असा माणूस हाताखाली असल्यावर शत्रूची काय गरज!

* * *

राजदूत फटफटीवाले तर वेगळीच जमात. कुणालाही थांबवून विचारा, स्पीड किती होता? उत्तर ठरलेलं. "साहेब, काटा बंद आहे." एकाचा काटा मात्र चाळीसवर होता. मी खूष झालो, म्हटलं चला, एक तरी माणूस धड निघाला. मग लक्षात आलं की गाडी तर उभी आहे!

"अरे, गाडी बंद, आन काटा चाळीसवर?"

"मंग! घरी आंगणात उभी असते तवा बी चाळीसच दाखवते. मी कधी चाळीसच्या वर गेलोच नाई साहेब. पाह्यजे तर घरी येऊन पाहून घेजा."

* * *

या राजदूतवाल्यांपैकीच कुणीतरी हुशारानं हिशेब केला की दोन रेघांच्या मधे वेळ मोजतात. म्हणजे पहिली रेघ कितीही जोरात ओलांडा, मधे जरा थांबलं की झालं! मग काय, गाड्या सुसाट यायच्या, पहिल्या रेघेनंतर करकचून ब्रेक, गाडी बाजूला, उतरून आळस द्यायचा, विडी ओढायची, आणि मग दुसरी रेघ ओलांडताना भाऊरावला हात जोडून राम राम.

नुसतं उभं राहून कंटाळा येतो म्हणून लोक चहाची चौकशी करू लागले. गावातल्या एका टपरीवाल्यानं आपली टपरी उचलून आणली आणि बरोब्बर दोन रेघांच्या मधे मांडली. धंदा जोरात! पावसानं चुना धुऊन गेला की आमच्या आधी तोच रेघा आखून ठेवायचा.

मी त्याला झापलं. तो हात जोडून म्हणाला, "जमादार, तुमच्यामुळंच तर लेकरंबाळं खाऊन राह्यली. तुमी सुट्टी नका घेत जाऊ जी!"

आणि शाळेसमोर काय? शाळा होती पहिल्या रेघेच्या अलीकडे. तिथं गाड्या होत्या तशाच सुसाट. मोठ्या बाई रोज शाळा सुटली की फाटकात उभ्या राहून माझ्याकडे नुसतं पाहायच्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

* * *

आमची ही कीर्ती वरपर्यंत गेली आणि नवीन साहेब स्वतः पाहणीला आले. साहेब पुण्याकडचे, कडक शिस्तीचे, पण चष्मा कायम खिशात. डोळ्यांवर चष्मा आला की रुबाब जातो असं त्यांचं मत. दुसरी गोष्ट म्हणजे धाकट्या मेहुणीचं लग्न जमवायची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यामुळे नवा माणूस दिसला की साहेब आधी गाव विचारायचे आणि मग नातेवाईक.

जीपमधून उतरल्या उतरल्या साहेब ओरडले, "तो कोण बसलाय रस्त्याच्या कडेला? मघापासून बघतोय, हलत नाही. उठवा त्याला!"

मी पाहिलं. किलोमीटरचा दगड होता.

साहेबांना सांगणार कोण? भाऊराव मात्र काठी घेऊन तडक दगडापाशी गेला, वाकला, आणि परत येऊन खाडकन सॅल्यूट ठोकला.

"इचारलं साहेब. तो म्हणते, वर्धा लय लांब आहे."

"मग त्याला जीपमध्ये घ्या," साहेब म्हणाले, "जाताना सोडू."

भाऊराव पुन्हा गेला आणि पुन्हा आला. "नाई म्हणते साहेब. तो तठीच बरा आहे."

"स्वाभिमानी आहेत इकडचे लोक," साहेब म्हणाले. मी दुसरीकडे तोंड करून खोकलो.

* * *

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बायकोनं मला विचारलं, "अहो, तुमची ती जुनी वर्दी ट्रंकेत पडून होती ना? मोठ्या बाई मागायला आल्या होत्या. शाळेत गॅदरिंग आहे, नाटकात पोलीस आहे म्हणे. मी देऊन टाकली." मी म्हटलं बरं केलंस, बाईंच्या काहीतरी उपयोगी पडलो.

सोमवारी सकाळी फाट्याकडे निघालो तर समोरच्या गाड्या एकदम हळू. मला वाटलं अपघात झाला. डोळ्यांसमोर मंदाच आली. सायकल दामटत पुढे गेलो आणि थबकलो.

शाळेसमोर निंबाच्या सावलीत मी उभा होतो!

माझी वर्दी, माझी टोपी, आत तुरीच्या काड्या आणि कडबा. समोर वर्गातल्या फळ्याचं तीन पायांचं स्टँड, त्यावर दुधाच्या भुकटीचा डबा काळा रंगवून आडवा ठेवलेला, त्याचं तोंड रस्त्याकडे. बुजगावणं डब्याला डोळा लावून वाकलेलं. लांबून पाहिलं तर वाटावं, मुंबईहून स्पीड मोजायचं मशीन आलंय!

ट्रकवाले डिप्पर मारत होते, एसटीवाले हवेत थोपटत होते. राजदूतवाला पाय जमिनीला घासत चालला होता. मधे थांबून चहा प्यायची कुणाची हिंमत नव्हती, कारण या नव्या मशीनच्या रेघा कुठे आहेत तेच कुणाला माहीत नव्हतं.

मी तरातरा शाळेत गेलो. "बाई, हे काय? सरकारी वर्दी बुजगावण्याले? माझी नोकरी जाईन!"

बाईंनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. शाळा भरायची वेळ होती. मंदा काठी टेकत रस्ता ओलांडत होती. मधोमध थांबून तिनं चप्पल नीट केली. आणि समोर एक ट्रक, इंजिन धडधडत, मुकाट उभा!

"उतरवायचं का, जमादार?" बाई म्हणाल्या.

मी बाहेर आलो, त्याची टोपी जरा सरळ केली आणि ड्युटीवर गेलो. भाऊरावला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "आपल्या दोघायपेक्षा बरा आहे. घाम पुसत नाई."

* * *

पंधरवड्यानं साहेबांचं बोलावणं आलं. तातडीनं, एकट्यानं. मी ओळखलं, संपलं सगळं. देवाला नारळ कबूल करून आत गेलो.

"जमादार, काल दुपारी मी फाट्यावरून गेलो. तुम्ही दोघं कुठं होता?"

"साहेब, जेवायला..."

"टपरीवर होता! मी पाहिलं. आणि तो तुमचा नवीन शिपाई, एकटा, मशीन घेऊन ताठ उभा! माझी जीप समोरून गेली. त्यानं सॅल्यूट मारला नाही. मला आधी राग आला. मग म्हटलं, वा! साहेब आला तरी मशीनवरची नजर काढली नाही. मीच ड्रायव्हरला म्हटलं, हळू घे बाबा, हा आपलीच केस करेल!"

साहेब खुर्चीतून पुढे वाकले.

"असा माणूस फाट्यावर सडवता? उद्यापासून त्याला माझ्या ऑफिसात पाठवा."

आता खरं सांगावं तर बुजगावणं उतरणार, मशीन उतरणार, आणि ट्रक पुन्हा होते तसे. मी हात जोडले.

"साहेब, मले न्या, भाऊरावले न्या. पण त्याले तिथून हलवू नका. तो उभा राह्यला तेव्हापासून पोरी चालत रस्ता ओलांडून राह्यल्या. आधी जीव मुठीत धरून पळायच्या."

साहेब त्या शिपायाची चौकशी करू लागले. "चहा-बिहा?"

"घेत नाही साहेब."

"तंबाखू?"

"हात लावत नाही."

"रजा?"

"कधी मागितली नाही."

"उलट बोलतो?"

"आजवर तोंडातून शब्द नाही साहेब."

साहेबांनी मान हलवली. "ठीक आहे. राहू दे त्याला तिथंच. पोरींचं भलं होतंय ते महत्त्वाचं."

माझा जीव भांड्यात पडला. सॅल्यूट ठोकला, वळलो, दारापर्यंत पोचलो.

"जमादार!"

मी थांबलो. साहेबांनी खिशातून चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा खिशात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं,

"लग्न झालंय का हो त्याचं?"