राणीची केसभर रेघ

छापखान्यात त्यांना सगळे खिळेमास्तर म्हणत. तीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवून त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली होती. बायकोच्या मते डोकंही शिशाचंच झालं होतं. मास्तरांचा जीव एकाच टाइपावर. त्याला ते राणी म्हणत. जाड रेघ ऐटदार, बारीक रेघ केसाएवढी, टोकांना नाजूक पाय. लग्नपत्रिका, अत्तराची पेटी, सराफाची जाहिरात एवढ्यासाठीच राणी कप्प्यातून बाहेर पडे. पावत्या-बिवत्यांना तिचं नखही दिसत नसे.

"मास्तर, वहिनींकडे कधी असं बघितलंत का हो?" मालक विचारत.

"तिच्या रेघा सगळ्या जाडच!" मास्तर म्हणत आणि हळूच दाराकडे बघून घेत.

मग एक औषधवाला आला. तान्ह्या मुलांच्या सर्दीच्या औषधाचं लेबल त्याला अत्तरासारखं देखणं हवं होतं. त्यानं लिहून दिलं होतं, 'एका वेळी अर्धा मिली'. 'अर्धा' हा शब्द मास्तरांना ओळीत बेढब वाटला. राणीतले आकडे म्हणजे नुसते राजहंस! त्यांनी शब्द काढून आकडा बसवला. एक, तिरकी रेघ, दोन. गुळगुळीत कागदावरचं प्रूफ बघून औषधवाला खूश झाला. लेबलं मात्र त्यानं स्वस्त, खरबरीत कागदावर छापून घेतली.

आठवड्याभरानं मास्तर दुपारी जेवायला घरी आले. सून नातवाला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानात तुमचं लेबल दिसलं. म्हटलं, हेच औषध घ्यावं."

तिच्या हातातलं मापाचं टोपण काठोकाठ भरलं होतं.

"एवढं?"

"बारा मिली. तुम्हीच तर छापलंय."

मास्तरांनी बाटली खिडकीपाशी नेली. चष्मा पुसला. परत पुसला. एक होता, दोन होता. मधली रेघ कागदानं गिळली होती.

"दिलंस का त्याला?"

"कुठलं! तोंडच उघडत नाही. हट्टी आहे, आजोबांवर गेलाय."

मास्तरांनी टोपण हिसकावून मोरीत ओतलं.

"अहो, वेड लागलं का?" आतून बायको ओरडली. मास्तर अनवाणीच दुकानाकडे धावत सुटले होते.

सगळं ऐकून दुकानदाराचा चेहरा उतरला. त्यानं फोन उचलला. "औषधवाल्याला सांगतो, सगळीकडची विक्री थांबव म्हणून."

"तुमच्याकडे किती आल्या होत्या?"

"पाच. एक तुमच्या सुनेनं नेली, दोन या इथं आहेत."

"आणि उरलेल्या दोन?"

"मागच्या गल्लीतली ती बाई, जुळी झालीत ना तिला… तिनं सकाळी नेल्या. लेबल काय सुंदर आहे म्हणाली."

मास्तर मागच्या गल्लीत शिरले. दारं उघडी होती, दोरीवर दुपटी वाळत होती. कुठूनही बाळाच्या रडण्याचा आवाज येत नव्हता.