तीनशे पावलांवरचं लिंबू

राजापेठेतल्या माझ्या क्लासमध्ये काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, गुरू ग्रहाकडे निघालेल्या यानाले पोचाले इतकी वर्षं काहून लागते?" मी डब्यातलं लिंबू उचललं. सालीला नख लागताच वास सुटला आणि मी थेट अकोल्याच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात जाऊन पोचले.

बाबा जठारपेठेत भाजी विकायचे. त्यांच्याकडचं टोपलीएवढं कोहळं हा माझा सूर्य, ज्वारीचा दाणा ही पृथ्वी आणि लिंबू म्हणजे गुरू. त्याच मापानं अंतर धरलं, तर लिंबू तीनशे पावलांवर, पार शाळेच्या फाटकाबाहेर जात होतं. बाबा दुकान बंद ठेवून ते हातात धरून उन्हात उभे राहिले.

परीक्षक सर म्हणाले, "टेबलावरच मांड ना सगळं."

"टेबलावर मांडलं तं खोटं होईन, सर."

त्यांनी फाटकाकडे एकदा पाहिलं आणि ते पुढच्या मुलाकडे वळले. बक्षीस गेलं.

मी रडतच बाबांकडे पळाले. लिंबू त्यांच्या मुठीत गरम झालं होतं.

"कोणीच आलं नाई, बाबा."

"दूरच्या जागी लोकं कमीच येतेत," ते म्हणाले. "तू तं आली ना?"

तेव्हा वाटलं, बाबा माझी समजूत काढताहेत. आता कळतं, ते मला रस्ता सांगत होते.

काल मी लिंबू घेऊन क्लासबाहेर पडले. "मोजा पावलं," म्हणाले. तीनशेव्या पावलावर, गाड्यांच्या गोंगाटात, मागे वळून पाहिलं. अख्खा क्लास आला होता.