बाकावरचा दरबार

संस्थान विलीन झालं आणि ग्वाल्हेरातले मानपान इतिहासजमा झाले, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांना जयेंद्रगंजातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नसावं. तिथे अजूनही पहिलं कुंकू सरदारीणबाईंना लागत होतं आणि आम्हा कारकुनांच्या घरच्यांना उरलेलं.

या हळदीकुंकवाला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या, की बायका वय चोरायच्या. कारण नमस्काराआधी त्या विचारत, "तिशी झाली का? मग मंगळवारी या." म्हणून त्या आमच्या तिशीबाई. मुंबईहून त्या नवी तपासणी शिकून आल्या होत्या. गर्भाशयाच्या तोंडाशी चपटी काडी फिरवायची, ती काचेवर पुसायची, काच मुंबईला धाडायची. कॅन्सर होण्याआधीच त्याची चाहूल काचेवर दिसते, हे सांगताना हातातला चहा त्या साडीवर सांडत.

"पण मला काही तकलीफच नाही," बायका म्हणत.

"तकलीफ नसतानाच यायचं. झाल्यावर काय, सगळ्याच येतात. अन् अवेळी डाग दिसला, तर तिशीचीही वाट पाहू नका."

तरी कुणी येईना. मग बाईंनी एक चूक केली. सरदारीणबाईंना म्हणाल्या, "पहिला मान तुमचा." त्या पैठणी नेसून तपासून घेऊन आल्या, आणि पुढच्या मंगळवारपासून दवाखान्याच्या बाकावर अख्खा दरबार भरू लागला, हुद्द्याच्या क्रमानं.

शेवटच्या टोकाला माझी वहिनी. तिशी नुकतीच ओलांडलेली, पाळी नसताना डाग दिसणारी, आणि हे फक्त मला, नणंदेला, सांगितलेली. दर मंगळवारी नंबर न लागता आम्ही परत.

"पुढे जाऊन सांग ना," मी म्हणे.

"किल्लेदारांच्या सुनेच्या पुढे? सासूबाई घरात घेतील का?"

तेवढ्यात राज्याची राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली आणि तिच्यामागून बाईंची बदली. शेवटच्या मंगळवारी मी न राहवून बाईंच्या कानात सगळं सांगितलं. वहिनीला नाव घेऊन बोलावलं असतं, तर तिचं दुखणं संध्याकाळपर्यंत दाल बाजारात पोचलं असतं. बाई बाकासमोर उभ्या राहिल्या.

"दरबारात महाराज आधी येत, की सगळे जमल्यावर?"

"सगळे जमल्यावर," किल्लेदारांची सून म्हणाली. "एवढंही माहीत नाही?"

"म्हणजे मोठा मान शेवटचा. मी आपली उलटंच करत बसले."

बाकावर जी धांदल उडाली! किल्लेदारांची सून उठून थेट शेपटाला बसली. दिवाणांची सून उठून तिच्याही मागे. "अगं, तू हो ना पुढे," म्हणत एकेकीनं वहिनीला ढकललं, आणि ती दारातून आत.

मुंबईहून कळलं: पेशींत बदल आहे, कॅन्सर नाही. अजून. छोटंसं ऑपरेशन झालं. ते होईपर्यंत बाई भोपाळला गेल्या नाहीत.

निरोपाला मंडप, मंत्री, हार. चार वक्त्यांनी बाईंना धन्वंतरी म्हटलं, पण तपासणी कशाची, हे एकानंही उच्चारलं नाही. आमच्या कुटुंबावरच्या उपकारांचाही, कोणते ते न सांगता, गहिवरून उल्लेख झाला.

वहिनी आली नव्हती. ती हिवाळ्यातल्या मेळ्यात पापुद्र्यांचा गोड खजला खायला गेली होती.